फ्रुक्टोजनेही फेहलिंग दिली, आणि माझे मार्क गेले

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलमध्ये अननोन (ओळखायचा पदार्थ) म्हणून आलेली पांढरी पूड मी ग्लुकोज म्हणून लिहिली. १० पैकी ३ मिळाले. ती फ्रुक्टोज होती. या गोष्टीला बरीच वर्षं झाली, पण राग गेलेला नाही. माझ्या टेस्ट चुकल्या नव्हत्या.

कार्बोहायड्रेट दाखवणारं मोलिशचं जांभळं कडं, स्टार्चसाठीचं आयोडीन हे सगळं दहा मिनिटांत उरकलं. गाडी अडली ती फेहलिंगला, म्हणजे तांब्याच्या निळ्या द्रावणाच्या टेस्टला. वर्गात शिकवलं होतं की फेहलिंग अल्डिहाइडला मिळते, ग्लुकोजमध्ये अल्डिहाइड आहे आणि फ्रुक्टोजमध्ये कीटोन (दोन्ही कार्बन-ऑक्सिजनचे गट, पहिला साखळीच्या टोकाला, दुसरा मध्ये). माझ्या परीक्षानळीतलं गडद निळं द्रावण तापताना आधी हिरवट झालं, मग पिवळसर, आणि तळाशी विटकरी लाल गाळ बसला. म्हणजे ग्लुकोज. खात्रीसाठी फिनाइलहायड्राझीन घालून ओसाझोन (साखरेपासून बनणारे पिवळे स्फटिक) केला. सूक्ष्मदर्शकाखाली पिवळ्या सुया दिसल्या, पेंढी बांधल्यासारख्या, हुबेहूब जर्नलमधल्या ग्लुकोजच्या चित्रासारख्या.

राहिली सेलिवानॉफ, म्हणजे कीटोन असलेली साखर लाल रंगाने ओळखणारी टेस्ट. बाटली रिकामी होती. "संपलंय. निगेटिव्ह लिहून टाका, सगळे तेच लिहितात," असं उत्तर मिळालं. न केलेली टेस्ट मी लिहिली नाही, रकाना कोरा सोडला. तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

निकालानंतर मी एकच प्रश्न घेऊन फिरत होते: कीटोन असताना फेहलिंग आली कशी? एकांनी सांगितलं, अपवाद आहे, पाठ कर. दुसऱ्यांनी अर्ज द्यायला सांगितलं. अर्ज दिल्यावर कळलं की फेरपरीक्षा सहा आठवड्यांनी. प्रश्न तसाच राहिला.

उत्तर शेवटी ग्रंथालयातल्या एका जुन्या पुस्तकात सापडलं, आणि ते अजिबात अवघड नव्हतं. फेहलिंग ए आणि बी अशी दोन द्रावणं मिसळून करतात; त्यातल्या बी मध्ये सोडियम हायड्रॉक्साइड असतं. अशा अल्कलीत फ्रुक्टोज तसाच राहत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या कार्बनपाशी हायड्रोजनची जागा बदलते, मध्ये एनडायॉल (दुहेरी बंध आणि दोन ओएच असलेलं रूप) तयार होतं, आणि त्यातून ग्लुकोज व मॅनोज बनतात. म्हणजे तांब्याला अल्डिहाइड मिळतोच.

ओसाझोनचंही तेच. त्या दुपारी मी वहीत ग्लुकोज आणि फ्रुक्टोज शेजारी शेजारी उभे काढले. दोघांचं सूत्र एकच, C₆H₁₂O₆. वरच्या दोन कार्बनवर तळहात ठेवला, तर खाली उरलेलं अगदी सारखं: तिसऱ्यावरचा ओएच डावीकडे, चौथ्या-पाचव्यावरचे उजवीकडे. फिनाइलहायड्राझीन नेमके ते वरचे दोन कार्बनच पकडतं आणि फरक पुसून टाकतं. मॅनोजचाही ओसाझोन तोच. एमिल फिशरने १८९१ साली ग्लुकोजची रचना उलगडली तेव्हा हाच सारखेपणा त्याच्या तर्कातला मोठा दुवा होता. हे मला वर्गात कुणीही पाच मिनिटांत सांगू शकलं असतं.

एक इशारा मात्र माझ्यासमोर होता. फ्रुक्टोजचे स्फटिक उकळत्या वॉटर बाथमध्ये साधारण दोन मिनिटांत दिसतात, ग्लुकोजला चार-पाच लागतात. मी घड्याळ पाहिलंच नव्हतं. तुम्ही पाहा.

सेलिवानॉफची बाटली रिकामी असेल तर ताजं करून मागा: ५० मिलिग्रॅम रिसॉर्सिनॉल, ३३ मिलिलिटर तीव्र हायड्रोक्लोरिक आम्ल, पाण्याने १०० मिलिलिटरपर्यंत. आम्ल पाण्यात घालायचं, उलट नाही. आणि इथेही घड्याळ हवं, कारण फार वेळ तापवलं तर ग्लुकोजही गुलाबी होतो. घरची साखर म्हणजे सुक्रोजसुद्धा लाल देते, आम्लात ती फुटून फ्रुक्टोज मोकळा होतो म्हणून. पण ती फेहलिंग देत नाही: ग्लुकोजचा पहिला आणि फ्रुक्टोजचा दुसरा कार्बन एकमेकांत गुंतलेले असतात.

फेरपरीक्षेत पुन्हा पांढरी पूडच आली. सेलिवानॉफ मिनिटाच्या आत चेरीसारखी लाल झाली, फेहलिंगही आली. परीक्षकांनी विचारलं, "कीटोन आहे तर फेहलिंग कशी?" मी कागद मागून घेतला आणि एनडायॉल काढून दाखवलं. त्यांनी तिथेच सही केली.

हो, आणि फेहलिंग ए आणि बी कुणी आधीच मिसळून ठेवलेलं असेल तर ते घेऊ नका. आयत्या वेळी आपल्या हाताने मिसळा.