चढावरचा निळा धूर

मार्चमधला रविवार. अंजनेरीच्या बाजूला काकांची जमीन आहे, तिच्या मागच्या टेकाडावर त्यांनी गाडीसाठी कच्ची वाट पाडली आहे. निम्मा चढ चढून झाला आणि मागून निळ्या धुराचा लोट उठला. काकांचा मुलगा स्टिअरिंग घट्ट धरून ओरडला, "उस्ताद, टर्बो गेला!"

तो टर्बो मी आदल्याच दिवशी बसवला होता.

सातपूरला माझं टर्बो दुरुस्तीचं छोटं गॅरेज आहे. रोजचं काम डिझेलचं. द्राक्षं-टोमॅटो भरून कसारा घाट तुडवणारे पिकअप, ट्रॅक्टर, कधी एखादा जेसीबी. काकांची गाडी त्यातली नव्हती. साइड-बाय-साइड म्हणजे शेजारी-शेजारी दोन सीट, वर लोखंडी नळ्यांचा पिंजरा, चारही चाकांना ओढ आणि इंजिन सीटच्या मागे. पेट्रोलचं, दोन सिलिंडरचं. गिअर बदलायचे नसतात, स्कूटरसारखा बेल्ट असतो. तिला नंबर प्लेट नाही, म्हणून ती पिकअपवर चढवूनच माझ्याकडे आणली होती.

काकांची तक्रार साधी होती. दोन माणसं आणि मागे खताची दोन पोती घेतली की टेकाडावर गाडीचा दम तुटतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे. इथली हवाच मुंबईपेक्षा सहा-सात टक्के पातळ, त्यामुळे इंजिनाच्या पोटात घासच कमी जातो. टर्बो ती उणीव भरून काढतो. सायलेन्सरकडे वाया जाणाऱ्या गरम वायूवर एक चाक फिरतं आणि त्याच दांड्यावरचं दुसरं चाक इंजिनात हवा कोंबतं. हा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस इंजिनिअरनं 1905 साली याचं पेटंट घेतलं. इतकी वर्षं हेच काम करतो, तरी धुऊन पुसलेला शाफ्ट हातात घेतला की मला अजून नवल वाटतं.

मुलाला जास्त प्रेशर हवं होतं. दहा पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) तरी करा म्हणाला. मी पाचावर अडून बसलो. अशाच गाड्या बनवणाऱ्या पोलारिस कंपनीनं 2016 सालच्या मॉडेलमध्ये टर्बोची आरझेडआर आणली, तेव्हा साध्या गाडीतलं 999 सीसीचं इंजिन तसंच ठेवून त्यावर टर्बो चढवला नाही, 925 सीसीचं वेगळं इंजिन दिलं. कंपनी एवढं करते, तर आपण बाहेरून टर्बो लावताना हाव धरायची नाही. इंजिन आतून न बदलता जास्त हवा कोंबली की पेट्रोल वेळेआधी पेटतं, आधी टकटक आवाज येतो आणि मग पिस्टनच फुटतो. मी काकांना तसं स्पष्ट सांगितलं. काका म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं. पोराचं मी बघतो."

मोठे इंजेक्टर, जास्त प्रेशर वाचणारा सेन्सर, बेल्टच्या पुलीतली जड वजनं, धुळीसाठी उंचावर नेलेला फिल्टर, सगळं झालं. ईसीयूचं, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचं, मॅपिंग लॅपटॉपवाल्या पोरानं करून दिलं. गॅरेजमध्ये तासभर चालवली. धूर नाही, लीक नाही, आवाज गोड.

आणि आता हा लोट. मुलाचा हात चावीकडे गेला. मी म्हटलं, "बंद करू नकोस. ब्रेकवर धरून हळूहळू मागे घे, सपाटीवर आण." तापलेला टर्बो एकदम बंद केला की आतलं ऑइल जळून दांड्यावर कोळसा धरतो. गाडी खाली आली, इंजिन स्लोवर ठेवलं. काका गाडीशेजारी येऊन उभे राहिले. म्हणाले काहीच नाहीत, पण नवी वस्तू एका दिवसात गेली, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मला तोंड वर करवेना.

दोन-तीन मिनिटांत धूर विरळ झाला आणि मग थांबलाच.

तिथे माझ्या डोक्यात काहीतरी हललं. खराब झालेला टर्बो असा शहाण्यासारखा थांबत नाही. थंड झाल्यावर हवेचा पाइप काढला आणि दोन बोटांत दांडा धरून हलवला. वर-खाली केसभर प्ले, तेवढा असतोच. आत-बाहेर अजिबात नाही. पाती शाबूत. फक्त चाकामागे ऑइलचा एक ओला कडा होता.

लोकांना वाटतं टर्बोमध्ये रबरी सील असतं आणि ते फाटतं. तसं नसतं. पिस्टनच्या रिंगसारखी एक बारीक रिंग असते, ती ऑइल अडवून धरू शकत नाही. ऑइल पंपाच्या प्रेशरनं आत येतं, पण परत जाताना ते फक्त आपल्या वजनानं खाली उतरतं. त्याची परतीची वाट तुंबली की ते रिंगेवरून सांडतं आणि सायलेन्सरमध्ये जळतं. धूर टर्बोचा दिसतो, दोष पाइपचा असतो.

पण माझा पाइप मोकळा होता. मग?

गाडी गॅरेजला आणली. मागच्या चाकांना ओट लावली, चेनपुलीनं पुढची बाजू उचलायला लागलो. परतीचा पाइप काढून तेवढाच लांब पारदर्शक पाइप बसवला. पोऱ्याला म्हटलं, झारीनं वरून ऑइल दाबत राहा. मी मोबाईलचा लेव्हल चेसिसवर ठेवला. दहा अंशावर ऑइल सरसर चेंबरकडे, म्हणजे इंजिनाच्या तळाशी ऑइल साठतं तिकडे, जात होतं, पंधरावर ओघ मंदावला. वीस अंशावर ते पाइपात थांबलं, मधाच्या बाटलीत थांबतं तसं. तेवीसवर ते उलटं, टर्बोकडे सरकू लागलं. पोऱ्या झारी हातात तशीच धरून बघत राहिला.

इंजिन मागे, टर्बो त्याच्याही मागे आणि परतीचा पाइप पुढे चेंबरकडे येणारा. सपाट फरशीवर मी 250 मिलिमीटर आडव्या लांबीत 90 मिलिमीटर उतार दिला होता, म्हणजे जेमतेम वीस अंश. काकांचा चढ पंचवीस अंशांचा. गाडी नाक वर करून चढायला लागली की माझा उतारच चढ होत होता. पिकअपला हे कधी जाणवलं नसतं, घाट एवढा उभा नसतोच. ही गाडी मात्र असल्या चढासाठीच घेतलेली, आणि मी तिचं माप सपाट फरशीवर घेतलं होतं.

काकांना फोन करून सगळं सांगितलं. चूक माझी, पैसे घेणार नाही, हेही सांगितलं. ते म्हणाले, "आधी नीट करा, मग बोलू."

अंबडला माझ्या ओळखीचे एक वेल्डर मामा आहेत. त्यांच्याकडून स्टीलचा नवा फ्लँज टिग वेल्डिंगनं करून घेतला. टर्बो वर उचलला आणि पुढे सरकवला. आता 120 मिलिमीटर आडव्या लांबीत 130 मिलिमीटर उतार. चेंबरवरचं तोंडही ऑइलच्या पातळीच्या बरंच वर घेतलं, कारण गाडी नाक वर करते तेव्हा चेंबरातलं ऑइलही मागे गोळा होतं. मग पुन्हा चेनपुली, पुन्हा झारी. तीस अंशापर्यंत ओघ तुटला नाही.

पुढच्या रविवारी तोच चढ. दोन माणसं, दोन पोती. या वेळी मी मागे चालत गेलो, डोळे सायलेन्सरवर. गाडी एका दमात वर गेली. माथ्यावर दोन मिनिटं स्लोवर ठेवून मग बंद केली. सायलेन्सर हात लावण्याइतका निवाल्यावर पांढरं फडकं बोटाला गुंडाळून आतून फिरवलं. बाहेर आली ती कोरडी करडी काजळी.

फडकं काकांपुढे धरलं. त्यांनी अंगठ्यानं काजळी चोळून बघितली, तो अंगठा मुलाला दाखवला आणि म्हणाले, "चल, आता मला बसव."