ऑन्टॉलॉजी: जगं अनेक असतील तर ती एकमेकांत बसतात कशी?

मानववंशशास्त्रात आणि एसटीएसमध्ये, म्हणजे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या सामाजिक अभ्यासात, ऑन्टॉलॉजीची, म्हणजे जगात मुळात काय काय असतं याची, चर्चा साधारण एकाच काळात तापली, म्हणून बरेच लोक दोन्हीकडचं एकच समजतात. मला तसं वाटत नाही. प्रश्न वेगळे आहेत, आणि मला एसटीएसवाला जास्त पटतो.

मानववंशशास्त्रातली जुनी समजूत अशी की निसर्ग एकच, त्याच्याकडे बघणाऱ्या संस्कृती अनेक. ब्राझीलचे मानववंशशास्त्रज्ञ विवेरोस दे कास्त्रो यांनी अ‍ॅमेझॉनमधल्या लोकांच्या विचारावरून हे उलटंच केलं. तिथे जग्वारही स्वतःला माणूसच समजतो, आपल्याला जे रक्त दिसतं ती त्याच्यासाठी कसाव्याची बिअर, म्हणजे बघण्याची रीत सगळ्यांची सारखी पण शरीरं वेगळी म्हणून जगं वेगळी! फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ देस्कोला यांनी २००५ मध्ये जगाच्या अशा मांडण्यांचे चार प्रकार केले, त्यात निसर्ग आणि संस्कृती वेगळे मानणारा प्रकार फक्त एक. विचार जबरदस्त आहे, पण प्रत्येक समाज आपापल्या खणात बंद होतो असं वाटत राहतं. २००८ मध्ये मँचेस्टरला 'ऑन्टॉलॉजी हे संस्कृतीचंच दुसरं नाव' अशा ठरावावर वाद झाला, ठराव पडला, शंका काही गेली नाही.

एसटीएसमधल्या आनमारी मॉल लांबच्या कुठल्या समाजात गेल्याच नाहीत, त्यांनी नेदरलँड्समधल्या एका हॉस्पिटलमध्ये पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार कसा हाताळतात ते बघितलं. ओपीडीत हा आजार म्हणजे चालताना पाय दुखणं आणि थांबलं की बरं वाटणं, पॅथॉलॉजीत तो म्हणजे मायक्रोस्कोपखाली जाड झालेली रक्तवाहिनीची भिंत, आणि त्यासाठी पाय आधी कापलेला असावा लागतो, म्हणजे एकाच पेशंटवर या दोन गोष्टी एकाच वेळी करताच येत नाहीत. कधी रक्तवाहिन्या खूप खराब पण माणसाची तक्रारच नाही. मग आजार आहे की नाही? मॉल म्हणतात, एकाच आजाराकडे बघण्याचे हे वेगवेगळे कोन नाहीत, प्रत्येक ठिकाणी आजार घडवला जातो, आणि नंतर रिपोर्ट, मीटिंगा, प्रेशरचे आकडे यांतून ते सगळं जुळवतात. हे जुळवणं कोण करतं आणि त्यात कोणाचं ऐकलं जातं, माझ्यासाठी खरा प्रश्न हा आहे.

झोई टॉड या मेती (कॅनडातला एक मूलनिवासी समाज) अभ्यासकाची ऑन्टॉलॉजीच्या या चर्चेवरची २०१६ मधली टीकाही इथेच लागते, मूलनिवासी विचारवंत जे कधीपासून सांगतायत त्याचं श्रेय युरोपियन नावांना का मिळतं?

आणि २००६ चं पेरूमधलं कुस्को. सिनाकारा पर्वतावरच्या खाणीविरुद्ध शेतकऱ्यांचा मोर्चा निघाला, त्याबद्दल मानववंशशास्त्रज्ञ मारिसोल दे ला कादेना लिहितात. खाणीने कुरणं जातील ही काळजी होतीच, पण खाण झाली तर औसंगाते रागावेल, माणसंही मारेल, हीसुद्धा होती, आणि औसंगाते म्हणजे सिनाकारावर ज्याची सत्ता मानतात तो मोठा पर्वतच. दोन्ही काळज्या एकाच मागणीत. सरकारी भाषेत कुरण लगेच बसतं, ते पर्यावरण होतं. औसंगातेला बसवायचं तर फार तर 'स्थानिक श्रद्धा' म्हणून, आणि श्रद्धेशी वाटाघाटी कोणी करत नाही.