सहावी फळी

चोपड्याजवळच्या एका खेड्यातलं धाब्याचं घर उतरवलं आणि त्यातली सागाची एक तुळई माझ्या दुकानात आली. 7 फूट लांब, 6 इंच रुंद, 6 इंच जाड. घरातल्या आजींना नव्या घराचं दार याच लाकडाचं हवं होतं. दार 3 फुटी, म्हणजे 6 इंच रुंदीच्या 6 फळ्या. तुळईची जाडी 6 इंच, फळी इंचाची. आजींनी बोटांवर हिशोब करून ठेवला होता.

मी म्हटलं, "माय, इंचाच्या पाचच निघतील."

"मंग बाकीनं लाकूड कथा गयं, भाऊ?"

प्रश्न रास्त होता. मिस्तरी लाकूड दाबतो, हा संशय आमच्या धंद्याला फार जुना चिकटलेला आहे. मी त्यांना गोल करवतीपाशी नेलं. एका तुकड्यात अर्धवट चीर मारली आणि मोजपट्टी लावून दाखवली: 1 सूत, इंचाचा आठवा भाग. तेवढ्या लाकडाचा भुसा होतो.

मग हातकरवत दाखवली. एक दाता डावीकडे झुकलेला, पुढचा उजवीकडे. म्हणून चीर पात्यापेक्षा रुंद पडते आणि पातं अडकत नाही. झुकाव कमी पडला की ओलं लाकूड करवत आवळून धरतं. जास्त झाला की भुसाही वाढतो आणि मेहनतही. चिरेच्या या रुंदीला आयटीआयमध्ये ‘कर्फ’ म्हणतात. जुन्या इंग्रजीत तो कापण्याच्या क्रियेचा शब्द होता, ‘कार्व्ह’च्याच कुळातला, आता कापून झालेल्या फटीला म्हणतात. आपली करवत संस्कृत ‘करपत्र’वरून आली.

पण आजींना दार हवं होतं, आणि मलाही पाच फळ्यांना एक परकी फळी जोडायची नव्हती. इतकं जुनं, मुरलेलं सागवान आता सहज हाती लागत नाही.

6 इंच म्हणजे 48 सूत. 6 फळ्यांना 5 चिरा. फळी साडेसात सुतांची धरली तर 45 झाले. गोल करवतीच्या 5 चिरा मिळवल्या की 50. बसत नाही. वखारीतल्या बँडसॉचं, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरवणाऱ्या करवतीचं, पातळ पातं अर्ध्या सुताची चीर पाडतं. 45 आणि अडीच, साडेसत्तेचाळीस. अर्धं सूत हाताशी.

आधी लाकडातले जुने खिळे चुंबक फिरवून शोधले, एकेक उपटला. एक जरी राहिला असता तर पातं गेलं असतं आणि चीर वाकडी झाली असती. वखारवाल्याला नवं पातं चढवायला लावलं. आजी स्वतः येऊन बाकड्यावर बसल्या होत्या. पाचवी चीर संपली, शेवटची फळी सुटी झाली. मी ती दोन्ही टोकांना मोजली. साडेसात भरली. रंधा मारल्यावर सगळ्या साडेसहा सुतांवर आल्या, मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या, दार उभं राहिलं.

आता अंदाज लिहून देताना चिरांची ओळ मी वेगळी मांडतो, आणि कोणत्या करवतीने चिरणार तेही गिऱ्हाइकाला आधीच सांगतो.