नऊ पूर्णांक अठ्ठ्याहत्तर

बंगळुरात आमच्याकडे विमानातली नेव्हिगेशनची पेटी उपग्रहासाठी बदलून घ्यायचं काम चालू होतं. तीन जायरो, म्हणजे वळणं मोजणारे सेन्सर, आणि तीन ॲक्सेलेरोमीटर, म्हणजे वेगातला बदल मोजणारे. लोकांना वाटतं, वर न्यायची म्हणजे रेडिएशन आणि निर्वात सोसलं की झालं. ते सगळं आम्ही साग्रसंगीत केलं. उष्णता वाहून न्यायला हवा नसते, म्हणून तळाची प्लेट बदलली, व्हॅक्यूम चेंबरपाशी रात्री काढल्या. सॉफ्टवेअर मात्र 'इतकी वर्षं उडतंय' म्हणून कुणी उघडलंच नाही.

त्या दुपारी सांगलीची नवी मुलगी टेबलापाशी आली.

"सर, कक्षेत ॲक्सेलेरोमीटर काय दाखवतो?"

"शून्य. तो टेकू मोजतो गं. इथे टेबलाचा रेटा, तिथे रेटाच नाही."

"मग चाचणीत पेटीला खोटे सेन्सर-आकडे पुरवणाऱ्या तुमच्या कक्षेच्या फाइलमध्ये झेडला, म्हणजे उभ्या दिशेला, ९.७८ कसं?"

९.७८ हा आमच्या लॅबच्या फरशीवरचा, जमिनीच्या रेट्याचा आकडा. विमानाच्या चाचणीची फाइल उचलून मी जायरोंचे रकाने बदलले होते, हा तसाच राहिला. तीन महिने आमचा उपग्रह लॅबच्या टेबलावर बसून पृथ्वीभोवती फिरत होता. आलेख मात्र कसे देखणे!

तिन्ही रकान्यांत शून्य भरून पुन्हा चालवलं. चाचणीत थ्रस्टर, म्हणजे उपग्रहाला ढकलणारं छोटं इंजिन, बंद झाला आणि काही सेकंदांत पेटीने फॉल्ट दिला: ॲक्सेलेरोमीटर मेला. सूत्रं राखीव पेटीकडे गेली. तिच्यातही तेच सॉफ्टवेअर, तीही मेली. ४ जून १९९६ ला एरियान ५ या युरोपीय रॉकेटच्या पहिल्याच उड्डाणात एरियान ४ साठी लिहिलेल्या कोडने अशाच दोन्ही पेट्या बंद पाडल्या होत्या. नव्या पोरांना हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. आमच्याकडे मीच शिकवतो.

बरं, ती तपासणी लिहिणारा चुकला असंही नाही. विमानात तिन्ही आकडे बराच वेळ शून्य म्हणजे सेन्सर गेलाच. वर मात्र तीच रोजची अवस्था. उलट तिथे जो बारीक आकडा उरतो, ती सेन्सरची स्वतःची खोट. अपोलोवाले चंद्राच्या वाटेवर ती तशीच मोजून दुरुस्त करायचे. खोट मोजायला याहून चांगली वेळ नाही, आणि आमची पेटी नेमकी तेव्हाच हात वर करत होती.

दुरुस्ती दोन ओळींची, कागदपत्रं तीन आठवड्यांची. क्वालिटीवाल्यांनी कारण लिहिलं: 'मूळ सॉफ्टवेअरमधील अनुपयुक्त तपासणी'. फाइलचा उल्लेख नाही. मुलीने अहवाल वाचला, माझ्याकडे बघितलं आणि सही करून पुढे सरकवला. खाली मीही केली.