तीस सेकंद मागे

रात्रीचे साडेअकरा. झोप नाही. कारण सांगितलं तर नीलू आठवडाभर हसेल.

सारा वॉटर्सची 'फिंगरस्मिथ' कादंबरी ऑडिओबुकवर ऐकतेय, पोळ्या लाटताना, मेथी निवडताना. आज पहिल्या भागाचा शेवट आणि कुकर नेमके एकाच वेळी आले. गाडी वेड्यांच्या इस्पितळापाशी थांबली, डॉक्टर पुढे झाले आणि शिटी! शिटी संपली तर झटापट चाललेली. तीस सेकंद मागे गेले. पुन्हा मागे. तिसऱ्यांदा ओल्या हातांनीच. धरलं होतं ते मॉडला नाही, सूला. आणि मॉड उभी राहून आपल्या 'बिचाऱ्या मालकिणी'साठी रडतेय.

(पुस्तक २००२ सालचं आहे. रहस्य फोडल्याचं पाप लागू नये.)

मला कसं कळलं नाही? सगळं तर समोर मांडलेलं होतं. १८६२ सालचं लंडन, लँट स्ट्रीटवर चोरांच्या घरात वाढलेली सू. श्रीमंत मॉडकडे मोलकरीण म्हणून राहायचं, तिला 'जंटलमन' म्हणवणाऱ्या भामट्याशी लग्नाला राजी करायचं, मग तिला वेडी ठरवून कोंडायचं. मॉड स्वतःचे चांगले कपडे सूला घालायला देते, तेव्हा मी म्हटलं, किती मायाळू पोर. त्या काळी खाजगी रुग्णाला कोंडायला दोन डॉक्टरांचे दाखले लागत. ते दोघं येतात आणि मोलकरणीलाच खोदून खोदून विचारत बसतात. तेव्हा मी काय करत होते? कणीक मळत होते.

हातात पुस्तक असतं तर मागची पानं चाळली असती. ऐकताना तसं होत नाही. कानात कुणी 'मी, मी' म्हणत राहिलं की आपण त्या आवाजाच्या बाजूचे होऊन जातो. बरं, सू खोटं बोलतच नव्हती. तिलाही ठाऊक नव्हतं. तिला वाचता येत नाही, सगळा व्यवहार कानांवर. माझ्यासारखाच.

पण मला कळायला हवं होतं. नेहमी मलाच का शेवटी कळतं? फ्लॅटच्या कागदांच्या वेळीही दादा म्हणाला, सही कर, मी वाचलंय सगळं. जाऊ दे.

सूला वाटत होतं, फसवणारी आपण. डाव माहीत असलेली शहाणी. मीही तिच्याबरोबर शहाणी होऊन मॉडची कीव करत होते. लागलंय ते हेच.

या सगळ्यात सहा शिट्या झाल्या. भाताचा गोळा. ताटात वाढताना म्हटलं, आज मुद्दाम मऊ केलाय, पोटाला बरा. ह्यांनी तूप मागून घेतलं आणि दोनदा खाल्ला. कुणाला संशयसुद्धा आला नाही.

आत्ता दुसरा भाग लावला. वाचणारी तीच, आवाज तोच, फक्त आता 'मी' म्हणजे मॉड. दहा मिनिटं झालीत, आणि हिचंही मला पटायला लागलंय.