आईच्या हत्तीपायासाठी क्लिनिकल ट्रायल शोधताना

भंडारा जिल्ह्यातील आमच्या गावात हत्तीपाय कोणाला नवा नाही. जवळपास प्रत्येक गल्लीत एखादा तरी पाय सुजलेला दिसतो, आणि आमच्या घरात तो आईचा डावा पाय आहे. दर वर्षी आशाताई डीईसी आणि अल्बेंडाझोलच्या गोळ्या घेऊन येतात व आई त्या त्यांच्यासमोरच गिळते; परंतु त्या गोळ्यांचा मुख्य उपयोग रक्तातील सूक्ष्म जंत मारून डासांमार्फत होणारा फैलाव रोखण्यासाठी असतो, वर्षानुवर्षे सुजून कडक झालेला पाय त्यांनी ओसरत नाही. हे मला फार उशिरा कळले, आणि इतकी वर्षे मी आईला "गोळ्या घे, बरे वाटेल" असे सांगत आलो, याचे मला आजही वाईट वाटते.

हत्तीपाय ज्यामुळे होतो त्या हत्तीरोगाच्या जंतांच्या शरीरात वोल्बाकिया नावाचे जीवाणू राहतात आणि डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक त्यांच्यावर काम करते, एवढे मी वाचले होते. अशा औषधाची रुग्णांवरील चाचणी, म्हणजेच क्लिनिकल ट्रायल, आपल्या भागात कुठे चालू आहे का, हे शोधायचे मी ठरवले. भारतात अशा चाचण्यांची नोंद सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत होते. ती भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने 2007 मध्ये सुरू केली आणि 2009 पासून तेथे नोंदणी सक्तीची झाली. ही नोंदवही संकेतस्थळावर कोणालाही विनाशुल्क पाहता येते. मात्र हत्तीपाय हा आपला शब्द तेथे चालत नाही, "लिम्फॅटिक फायलेरियासिस" (हत्तीरोग) किंवा "लिम्फिडीमा" (अशी सूज) ही नावे इंग्रजीत टाकावी लागतात. प्रत्येक नोंदीत भरती सुरू आहे की बंद झाली, कोणत्या रुग्णालयात, कोणाला घेतात आणि कोणाला वगळतात, हे लिहिलेले असते. मी सुरुवातीला केवळ शीर्षके वाचून हुरळून गेलो; नीट पाहिल्यावर त्यांतील पहिल्या दोन चाचण्यांची भरती केव्हाच संपलेली होती.

तिसरी नागपूरला चालू होती. नोंदीतील दूरध्वनी चार दिवस कोणी उचलला नाही, म्हणून मी थेट तेथे गेलो. दरम्यान तालुक्याच्या गावी एकाने दोन हजार रुपयांत "नाव लावून देतो" असे सांगितले होते. मी त्याला नकार दिला, कारण चाचणीत सहभागी होण्यासाठी रुग्णाने दलालाला पैसे देण्याचा प्रश्नच येत नाही. आम्हाला तर पुढे प्रत्येक फेरीचा बसखर्च मिळाला.

पहिल्या भेटीत आईला परत पाठवण्यात आले. आठवडाभरापूर्वी तिला थंडी वाजून ताप आला होता, जांघेत गाठ आली होती, आणि असा झटका नुकताच येऊन गेलेल्या रुग्णाला त्या चाचणीत लगेच घेत नव्हते. महिनाभराने आम्ही पुन्हा गेलो.

त्या दिवशीची दोन तासांची बैठक मी विसरणार नाही. आईला वाचता येत नाही, त्यामुळे संशोधन करणाऱ्यांशी संबंध नसलेला साक्षीदार पूर्ण वेळ हजर असणे नियमाने आवश्यक होते. शेजारचे निवृत्त गुरुजी त्यासाठी आमच्यासोबत आले होते. डॉक्टरांनी सांगितले की अर्ध्या रुग्णांना औषध मिळेल आणि अर्ध्यांना तशाच दिसणाऱ्या औषधहीन गोळ्या, कोणाला काय ते संगणक ठरवेल, आणि पाय धुण्या-पुसण्याची शिकवण मात्र सर्वांना मिळेल. आई लगेच म्हणाली, "म्हणजे चिठ्ठी टाकल्यासारखं. अन् मले खोट्याच गोळ्या भेटल्या तर?" डॉक्टरांनी उत्तर टाळले नाही. तसे होऊ शकते, असे ते म्हणाले. कधीही बाहेर पडता येईल आणि त्याने नेहमीचे उपचार थांबणार नाहीत, चाचणीमुळे इजा झाली तर उपचार मोफत होतील व नियमानुसार भरपाई मिळेल, हेही त्यांनी सांगितले. सहभागी रुग्णांच्या हितावर लक्ष ठेवणाऱ्या नैतिक समितीचा दूरध्वनी संमतीपत्रावरच छापलेला होता. आईने "घरी जाऊन सांगतो" म्हटले आणि कोणी तिला अडवले नाही. माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

तीन दिवसांनी तिने अंगठा दिला, खाली गुरुजींनी सही केली आणि एक प्रत आम्हाला मिळाली. सहा आठवड्यांच्या गोळ्या संपल्या आहेत. आईला खऱ्या मिळाल्या की खोट्या, हे डॉक्टरांनाही अजून ठाऊक नाही. मात्र रोज संध्याकाळी ती पाटावर बसून साबणाने पाय धुते, जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्याने एकेका बोटाची बेचकी कोरडी करते, आणि या पावसाळ्यात तिला तापाचा एकही झटका आलेला नाही. पुढील तपासणी धानाच्या कापणीत येत होती. तिने स्वतःच फोन लावायला सांगून तारीख आठ दिवस पुढे घेतली.