होपटन हाउस: मागच्या अंगणातून सुरुवात करा

होपटन हाउस म्हणजे स्कॉटलंडमधलं होप घराण्याचं जुनं, भव्य घर. एडिनबराच्या वेव्हर्ली स्टेशनवरून डालमेनी स्टेशन लोकल गाडीने वीसेक मिनिटांवर आहे. तिथून टॅक्सी करा किंवा साउथ क्वीन्सफेरीतून फोर्थ खाडीच्या काठाकाठाने पश्चिमेला चालत जा. अंतर सुमारे सहा किलोमीटर, म्हणजे दीड तास धरा. वाटेत १८९०चा रेल्वेपूल, १९६४चा रस्त्याचा पूल आणि २०१७चा नवा पूल, तिन्हींच्या खालून जाता येतं. उन्हाळ्यातही वारा बोचतो, तेव्हा जाकीट हवंच. घर साधारण एप्रिल ते सप्टेंबर उघडं असतं, पण रोज नाही. लग्नसमारंभासाठीही कधी बंद ठेवतात, त्यामुळे तारीख पाहूनच निघा.

बहुतेक जण पूर्वेच्या भव्य दर्शनी भागाचे फोटो काढून थेट आत शिरतात आणि घराचा इतिहास तिथेच हातातून निसटतो. आधी वळसा घालून बागेच्या बाजूला या. ही पश्चिम बाजू वास्तुकार सर विल्यम ब्रूसने १६९९ ते १७०१ मध्ये बांधलेल्या मूळ घराची आहे: आटोपशीर, प्रमाणबद्ध. वीस वर्षांत मालक चार्ल्स होपला ते अपुरं वाटू लागलं. तोवर तो अर्ल झाला होता आणि घराण्याच्या लेडहिल्सच्या शिशाच्या खाणी पैसा देत होत्या. १७२१ पासून वास्तुकार विल्यम अ‍ॅडमने पूर्वेची बाजू पार बदलली. १७४८ मध्ये तो वारला, तेव्हा उरलेलं काम जॉन आणि रॉबर्ट या मुलांनी पुरं केलं.

आत गेल्यावर हा सांधा जाणवतो. ब्रूसचा अष्टकोनी जिना लाकडी कोरीवकामाने मढवलेला आहे. तिथे घाई करू नका. वरची भित्तिचित्रं मात्र १९६७ची आहेत, जुनी समजून फसू नका. अ‍ॅडमबंधूंच्या पिवळ्या आणि लाल दिवाणखान्यांत सोनेरी छतं आणि रेशमी भिंती. १८२२ मध्ये ब्रिटनचा राजा चौथा जॉर्ज इथे आला, तेव्हा त्याने चित्रकार हेन्री रेबर्नला याच घरात नाइट केलं, म्हणजे ‘सर’ हा किताब दिला.

मराठी माणसाने एक नाव आवर्जून लक्षात ठेवावं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुंबईच्या गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि लगेच धरपकड सुरू झाली. त्या वेळचा व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो होप घराण्याचाच, १८८७ मध्ये याच घरात जन्मलेला.

छतावरून तिन्ही पूल दिसतात, पण जिने चढावे लागतात. गुडघे कुरकुरत असतील तर बागेतच बसा.